तिरप्या कापाच्या काड्या

आर्वी, १० ऑक्टोबर २०२४

ती. हरिभाऊदादास,
इलाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला नुसतं हॅलो ऐकू येतं, म्हणून पत्र. घर विकलं. महिनाअखेर मी लेकाकडे, देवेंद्रकडे पुण्याला. नवे मालक अंगणात गाडी ठेवणार, म्हणजे ह्यांनी लावलेला द्राक्षाचा वेल जाणार. हे गेले ते वर्षभर सोसलं रे, पण वेलावर कुऱ्हाड सोसवत नाही.

काळी जात आहे, सत्तेचाळीस डिग्रीतही तग धरते. खा, सरबत करा, मुरंबा करा. जरा आंबट आहे, पण तूही आहेसच. तुमचे कवडूजी इथे लेकीकडे आलेत, त्यांच्या हाती बारा काड्या पाठवते. एक टोक तिरपं कापलंय, एक सरळ. दोन डोळे मातीत, दोन वर. एवढं माझं कर.

वहिनींना नमस्कार. माया आटू देऊ नकोस.
तुझी इला

अल्लीपूर, २० नोव्हेंबर

चि. इलास अ. उ. आ.

कसं लिहू? काड्या वाळल्या. न्हाणीमागे रांग लावली, बंडूजीच्या बकऱ्या हाकलल्या, वेल माणिकरावांनी लावलेला, म्हणून रांगेच्या तोंडाशी त्यांच्या नावाचा पुठ्ठाही लावला. काल तुझ्या वहिनीनं, देवकानं, एक उपटली अन् कपाळावर हात मारला. टोकदार बाजू मातीत काऊन खुपसली, म्हणे. चाळीस वर्षं कुंपणाचे खुंट ठोकतो, टोक खालीच जाते ना! साऱ्या उलट्या लागल्या. दुसऱ्या काड्या मिळतील तर उद्याच आर्वीला जातो.

रागव, पण अबोला धरू नको.
तुझा दादा

पुणे, २८ नोव्हेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

वेल मी निघाले त्याच दिवशी तोडला. चूक माझी. तिरपी बाजू वर, हे लिहायचंच राहिलं. ह्यांना कधी सांगावं लागलं नाही, मला वाटलं साऱ्यांनाच ठाऊक. दोन दिवस रडले, आता बरी आहे. इथे सगळं आहे, फक्त हाताला माती लागत नाही.

आता जिवाला लावून घेऊ नकोस.
तुझी इला

अल्लीपूर, १५ डिसेंबर

चि. इलास अ. उ. आ.

लाजेनं मी न्हाणीमागे जाणंच सोडलं होतं. आज माणिकरावांचा पुठ्ठा तरी काढून आणावा म्हणून गेलो. अकराच काड्या रांगेत लावल्या होत्या; बारावीवर तो पुठ्ठा टोचला होता. टोचायला टोक वर लागते, म्हणून तेवढी एक सरळ बाजूनं मातीत गेली. पुठ्ठ्याखाली दोन पानं आहेत, इला! देवकाला हाक मारून दाखवलं. पुठ्ठा राहू द्या, त्यायच्याच नावाचा आहे, म्हणे.

छाटणीले तू येजो. कात्री मी हातात धरत नाई.

वाट पाहणारा,
तुझा दादा