वरची उजवी बाजू

गुरुवार, ९ जानेवारी

सासूबाई आल्या!

म्हणजे — माझ्या नाहीत आता. कोर्टात सह्या होऊन तीन वर्षं झाली. पण कार्डावर ते आडनाव पाहिलं, आठ वर्षं माझंही तेच होतं, आणि हातातला ट्रे खाली ठेवावा लागला. काउंटरवरची पोरगी म्हणते, "ताई, या आजींच्या हिरड्यांतून रक्त येतं. डॉक्टरबाईंनी बघितलंय. खोल सफाई सांगितलीय, म्हणजे तुमच्याकडेच." दातांची आणि हिरडीखालच्या मुळांची सफाई या दवाखान्यात मीच करते. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात — माझं तर त्याच्यावरच चाललंय.

"अगं, तू इथे असतेस?" त्या म्हणाल्या.

मी "बसा" म्हटलं. एवढंच. तीन वर्षांत एक फोन नाही त्यांचा! भांडण माझं त्यांच्या मुलाशी. त्यांच्याशी कधी चढ्या आवाजात बोलल्याचंही आठवत नाही. नवरा सुटला त्याचं जे काय रडायचं ते रडून झालं, चार माणसांनी समजूतही काढली. सासू सुटली म्हणून रडू येतं हे कुणाला सांगू? लोक तोंडावर हसतील.

माप घेतलं. प्रत्येक दाताभोवती सहा जागी बारीक सळई हिरडीच्या फटीत घालायची, किती मिलिमीटर आत जाते तो आकडा मोठ्याने म्हणायचा. पोरगी लिहून घेते. तीनपर्यंत ठीक. त्यांचे चार, पाच, पाच. वरच्या उजव्या बाजूला मागच्या दाढेशी — सात. दाढ जराशी हलतेही.

वरच्या दोन बाजू, खालच्या दोन. चार गुरुवार बोलावलंय.

शुक्रवार, १० जानेवारी

दोन बाजू एका बैठकीत करता येतात. मी एकेक लिहिली. वय झालंय, एवढा वेळ तोंड उघडून सोसणार नाही, असं डॉक्टरबाईंना सांगितलं. खोटं नाही. पण खरं कारण ते नाही.

गुरुवार, १६ जानेवारी

वरची उजवी बाजू झाली. आधीपासून घोकत होते, काय म्हणायचं यांना? 'आजी' म्हणवत नाही. 'मावशी' म्हणजे अगदीच तोंडदेखलं. म्हणून काहीच म्हणायचं नाही असं ठरवलं. भूल दिली, मशीनने वरवरचं कीटण फोडलं, पाणी उडालं, आणि तोंडातून गेलंच — "आई, मान इकडे वळवा."

वळवली त्यांनी. मुकाट्याने.

पुढचं हाताने. हे काम मला मशीनपेक्षा आवडतं. हिरडीखाली डोळ्यांचा काही उपयोग नाही, तिथे दिसतच नाही. हत्याराच्या पातीचं वळलेलं टोक मुळावर टेकवायचं आणि छोट्या छोट्या ओढी घ्यायच्या. कीटण असेल तिथे बोटाला खरखर लागते. हळूहळू ती जाते आणि काचेवरून फिरल्यासारखं गुळगुळीत लागतं. तिथे थांबायचं! उत्साहाच्या भरात खरवडत बसलं तर मूळच झिजतं. नव्या मुलींना हेच कळत नाही.

करंगळीशेजारचं बोट टेकूसाठी त्यांच्या पुढच्या दातावर होतं. त्यांचा श्वास हातमोज्यावर लागत होता. त्या घरात संध्याकाळी आम्ही दोघी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर जायचो आणि तासभर खाली उतरायचोच नाही. तो खालून ओरडायचा, "कपडे काढताय की विणताय?" त्याची आठवण येत नाही. गच्चीची येते.

गुरुवार, २३ जानेवारी

खालची उजवी. भुलेने ओठ लोंबला होता तरी त्यांना काहीतरी सांगायचंच होतं. "नवीन थून चांगली आहे गं." मला हसू आलं, त्यांनाही आलं, आणि पाणी हनुवटीवरून थेट गळ्यात. पुसता पुसता पुरेवाट.

नवीन सून चांगली आहे. हे ऐकून बरं वाटायला हवं होतं ना? नाही वाटलं.

नंतर तोंड थोडं ताळ्यावर आल्यावर म्हणाल्या, "कामाला हातच लावू देत नाही मला. तुम्ही बसा, तुम्ही बसा. बसून असते मग." काही त्रास आहे का विचारलं तर, "त्रास कसला. आपलेच दात, आपलेच ओठ."

रविवार, २६ जानेवारी

दिवसभर कुणाशी बोलले नाही. संध्याकाळी लिफ्टमध्ये एकाने विचारलं, "कितवा?" मी म्हटलं, "तिसरा." आवाज घोगरा निघाला. न वापरल्यामुळे.

गुरुवार, ३० जानेवारी

खालची डावी. आज फारसं बोलणं नाही. निघताना माझं मनगट धरून बघितलं, "बारीक झालीस." पुढची पेशंट खुर्चीत बसली तरी मी तिथेच उभी.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

वरची डावी. संपलं!

दातांच्या फटीत घालायचा छोटा ब्रश दिला. आरसा हातात देऊन शिकवलं — एकेका फटीतून आत-बाहेर, जोर नाही करायचा, रोज. "सगळीकडे हं आई, मागच्या दाढांपर्यंत. मी साफ केलं तरी रोजचं तुमच्या हातात आहे. नाहीतर माझी मेहनत पाण्यात." त्यांनी शाळेतल्या मुलीसारखी मान हलवली. पहिल्याच प्रयत्नात जमलं त्यांना.

आता सहा आठवड्यांनी माप. हिरडी आवळून मुळाला धरते का ते तेव्हाच कळेल. धरली तर दाढ वाचली, आणि मग सहा महिन्यांतून एकदा या.

सहा महिन्यांतून एकदा.

रविवार, २ मार्च

ताप. कुणाला कळवावं ते सुचेना. काउंटरवरच्या पोरीला कळवलं.

गुरुवार, २० मार्च

तीन बाजू सुरेख! दोन, तीन, दोन. हिरडी फिकी गुलाबी, घट्ट, सळई लावली तरी रक्ताचा थेंब नाही. मी आकडे जरा जास्तच मोठ्याने म्हणत होते.

वरची उजवी — सात. तसूभर फरक नाही. सळई काढली तर मागे रक्त.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "एखादा तुकडा आत राहिला असेल. पुन्हा कर. नाहीच जमलं तर हिरडी उघडून बघू, नाहीतर काढून टाकू दाढ." माझ्या हातून राहिला? इतक्या वर्षांत? पण तीच बाजू पहिली केली होती, 'आई' म्हटलं होतं, मन थाऱ्यावर नव्हतं. असेलही.

आणि खरं सांगायचं तर — पुन्हा यावं लागणार म्हणताना मला आनंद झाला. त्यांची दाढ हलतेय आणि मला आनंद! काय म्हणावं स्वतःला.

गुरुवार, २७ मार्च

सकाळी लवकर जाऊन हत्यारांना दगडावर धार लावून ठेवली. पाती बोथट असली की कीटण निघत नाही, वरून चोपडं होऊन बसतं आणि बोट फसतं. आज फसायचं नव्हतं. प्रत्येक मूळ सगळ्या अंगांनी तपासलं. काच. खरखर कुठेही नाही. आज तरी आत काही उरलं नाही, हे मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेन.

त्या सगळा वेळ डोळे मिटून होत्या. झोप लागली की काय असं वाटलं. नव्हती लागली. मी हात काढल्यावर म्हणाल्या, "झालं? एवढ्यात?" दुसरं कुणी असं विचारत नाही, सगळ्यांना पळायचं असतं.

मंगळवार, २२ एप्रिल

दिवसभर माणसांच्या तोंडाशी तोंड, आणि घरी आलं की भिंती. शेजारणीकडे सगळे खूप हसत होते. मी टीव्हीचा आवाज वाढवला.

गुरुवार, ८ मे

आज काय झालं ते नीट लिहिते.

माप घेतलं. वरची उजवी पुन्हा सात, पुन्हा रक्त. डॉक्टरबाईंनी मान हलवली. "दाढ काढूया. उगाच शेजारचीही जाईल." मी म्हटलं, जरा थांबा. आणि आईंना रंगाची गोळी चघळायला दिली. दातांवर कालपरवाचा थर असेल तर गुलाबी दिसतो, जुना साचलेला असेल तर जांभळा.

चूळ भरायला लावली, ओठ वर केला. तोंडभर कुठे रंग नाही — इतकं स्वच्छ की मी शिकणाऱ्या मुलींना दाखवावं. फक्त वरच्या उजव्या बाजूला, फटींमध्ये आणि आतल्या अंगाला, जांभळं. गर्द.

आधी वाटलं, होतं असं. उजव्या हाताने ब्रश करणाऱ्याची उजवी बाजू पुष्कळदा राहते. पण राहून गेलेलं कुठेतरी सुरू होतं, कुठेतरी विरळ होत जातं. हे सुळ्याशी नेमकं थांबलं होतं. सुळ्याच्या अलीकडे लख्ख, पलीकडे जांभळं. कुणी कुंपण घातल्यासारखं.

डॉक्टरबाई बाहेर गेल्यावर मी आरसा त्यांच्या हातात दिला. "आई, हे राहून गेलेलं नाही. हे ठेवलेलं आहे."

आरशात बघत राहिल्या.

"दाढ जाईल ना अशाने!"

"जाऊ दे. आहेत की बाकीच्या."

"अहो, पण का?"

"बरी झाले की तू म्हणणार, या आता सहा महिन्यांनी." जांभळा रंग ओठाला लागलेला, आवाज अगदी साधा. "वर्षातून दोनदा. मला नाही पुरत गं ते."

मग विचारलं, एवढंच होतं तर एकच बाजू का ठेवलीत? तर म्हणे, "चारही ठेवल्या असत्या तर तुझ्या कामाला नाव ठेवलं असतं डॉक्टरबाईंनी. एक पुरे."

मी रागावले. खूप रागावले. पेशंटवर असं कधी ओरडत नाही. ओरडता ओरडता रडायलाच लागले, मास्क ओला. त्या खुर्चीत आडव्या, मी वर वाकलेली, आणि त्यांनी खालूनच हात वर करून माझा चेहरा पुसला. जंतू, हातमोजे, नियम — सगळं गेलं चुलीत. आणि एका बैठकीच्या दोन बैठका मी केल्या होत्या हेही मग सांगून टाकलं. "म्हणजे तूही?" म्हणाल्या. लबाड हसल्या.

डॉक्टरबाईंना म्हटलं, आणखी सहा आठवडे द्या, दाढ वाचवते. त्या म्हणाल्या, "इतकी खात्री?" म्हटलं, हो.

गुरुवार, १५ मे

वरची उजवी तिसऱ्यांदा साफ केली. निघताना म्हटलं, येत्या रविवारी घरी या, दात दाखवायला नाही. पत्ता सांगायला लागले तर मध्येच म्हणाल्या, "तिसरा मजला, लिफ्टच्या डावीकडे." या तीन वर्षांत दोनदा येऊन गेल्या आहेत. दारापर्यंत. आतून भांड्यांचा आवाज येत होता म्हणे. बेल नाही वाजवली — "कुठल्या नात्यानं वाजवू?" परत गेल्या. माझा दवाखानाही ठाऊक होता, पण तिथे यायला कारण हवं. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा त्यांना फार बरं वाटलं.