शिवून टाकलेलं शेवटचं प्रकरण

प्रिय बाय,

काल संध्याकाळी आपलं हेरकथेचं पुस्तक कपाटातून काढलं आणि घाबरलो. म्हणून लिहितोय. चौथीत शाळा सोडलेल्या तुझ्या धाकट्या भावाचं अक्षर लागलं नाही तर रागावू नकोस.

आठवतं ना? शाळेतून तू निवृत्त झालीस आणि रोज दुपारी मला वाचून दाखवायला लागलीस. मी शेजारी जाळं दुरुस्त करत बसायचो. गोष्टीतले ते दोन गुप्तहेर, एक टकलू साहेब आणि एक त्याचा बडबड्या सोबती, किनाऱ्यावरून शत्रूच्या बोटीला खुणा करणाऱ्या हेराला शोधत होते. मी म्हणायचो, "बाय, तो डॉक्टरच गो!"

"गप रे बाबल्या! काल तू पोस्टमनाक धरलं होतंस!"

शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं आणि तू अंथरूण धरलंस. जायच्या दिवशी माझा हात घट्ट पकडून म्हणालीस, "हेर कोण ता वाच, आणि माका येवन सांग."

मी "व्हय" म्हटलं! असं मागतात का गो कुणाकडे? तुला सांगायला यायचं म्हणजे कुठे यायचं, हे तुला कळलं नाही?

मला अजून जगायचं आहे. बहात्तरीच्या माणसाने असं म्हणू नये, पण म्हणतो. म्हणून मी ते प्रकरण वाचलंच नाही. दाभणाने भोकं पाडून जाळ्याच्या दोऱ्याने पानं शिवून टाकली आणि वर बाबांनी आपल्या दोघांना शिकवलेली गाठ मारली. वाचलंच नाही तर सांगायला यायचं कशाला?

काल पाहतो तर दोरा सुटलेला. कापलेला नाही, उंदराने कुरतडलेला नाही. नीट गुंडाळून पुस्तकावर ठेवलेला.

सुनेला हाक मारली. मंदा म्हणाली, "बाबांनू, तुमची ती गाठ माका सुटता खंय? मागे पिशयेची कापूक लागली माका."

खरं आहे. ती गाठ या घरात दोघांनाच सुटायची, बाय. एक मी.

त्या प्रकरणाच्या पहिल्या पानाचा कोपरा ओला होता. बोटाला थुंकी लावून पान उलटायची खोड तुझी. किती वेळा सांगितलं तुला! पुढची पानं मात्र कोरडी. वाचता आलं नाही ना? कसं येणार, तुझा चष्मा माझ्या नाकावर आहे.

ऐक. मी तुझ्याकडे येणार नाही. पितृपक्षात म्हाळाच्या दिवशी तुझं पान वाढू, तेव्हा तूच ये. मी पानाजवळ बसेन आणि एकेका ओळीवर बोट ठेवून सगळं प्रकरण मोठ्याने वाचेन. अडखळलो तरी मध्ये बोलू नकोस. हेर कळला की जेव, आणि जा.

जाताना मला हाक मारू नकोस.

तुझो भित्रो भाव,
बाबलो