उन्हातली आणि सावलीतली काडतुसं

गेल्या रविवारी, २० एप्रिल २०२५ रोजी, अमरावतीच्या आमच्या रायफल क्लबच्या रेंजवर, एकाच हाताने एकाच दिवशी भरलेल्या मॅग्नम रिव्हॉल्वरच्या काडतुसांचे दोन भाग करण्यात आले. एक भाग पाण्याच्या रांजणाशेजारी, ओल्या वाळूवर ठेवला. दुसरा शेडच्या बाहेर उन्हात. मग दोन्ही भागांतली काडतुसं एकाच रिव्हॉल्वरमधून, वेग मोजण्याच्या एकाच मशीनवरून झाडली. उन्हातल्या गोळ्या सावलीतल्या गोळ्यांपेक्षा सेकंदाला पन्नास-साठ फूट जास्त वेगाने गेल्या. क्लबच्या सचिव आणि भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक आरती वानखडे यांनी मोजणी पुन्हा करून पाहिली आणि या फरकाला दुजोरा दिला.

माझे वकील कुलदीप अढाऊ यांना ही सुरुवात पसंत नाही. "काकाजी, मृत्युपत्र असं सुरू होत नसते. आधी तुमी शुद्धीवर आहात, हे लिवा." आयुष्यभर दैनिकात बातम्या लिहिल्या, सर्वांत ताजी गोष्ट आधी येते, हे हाताचं वळण आता जायचं नाही. तरी त्यांचं ऐकतो.

मी, श्रावण नत्थुजी गावंडे, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त वृत्तसंपादक, मूळ राहणार हिवरखेड, ता. तेल्हारा, हल्ली अमरावती, हे लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदय थकलं आहे. डोळ्यांच्या मधोमध धुकं उतरलं आहे. समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, पण त्याच्या कडा आणि जमिनीवर पडलेली सावली नीट दिसते. हा मजकूर संगणकावर अक्षरं मोठी करून मी स्वतः टंकला आहे. कोणी मला भरीस घातलेलं नाही. आधी लिहिलेलं कोणतंही मृत्युपत्र नाही.

कलम १. अमरावतीचं राहतं घर माझी पत्नी मैनाबाई हिच्याकडे ती असेपर्यंत राहील, तिच्यानंतर मुलगा गजेंद्र याच्याकडे. घरातली कोणतीही वस्तू उचलून दुसरीकडे ठेवण्याचा तिचा अधिकार अबाधित आहे. तो तिने मला कधी विचारून वापरलेला नाही आणि त्याबद्दल पुढे आणखी लिहिणार आहे.

कलम २. हिवरखेडचं शेत, विहिरीतल्या वाट्यासह, गजेंद्रचं. संत्र्याची झाडं त्यानेच वाढवली. धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, निंब तोडू नये. त्या निंबाखाली, ज्वारीच्या राखणीला बसलेल्या माझ्या वडिलांना, नत्थुजींना, मी लहानपणी विचारलं होतं, "बाबा, गोफणीतला दगड किती जोरात जाते?" त्यांनी गोफण फिरवली, दगड सोडला. कणसांवरून पाखरांचा एक पदर उठला आणि दूर जाऊन बसला. "उडाले ना पाखरं? मंग तितक्या जोरात," ते म्हणाले. त्या उत्तराने माझं समाधान झालं नाही. पुढे जे काही केलं ते बहुधा त्यातूनच. त्यांची गोफण देवघराच्या खुंटीला आहे, ती गजेंद्रने ठेवावी.

कलम ३. बँकेतलं जे काही असेल ते मैनाबाईचं. कागद लाकडी कपाटात आहेत. ती म्हणेल तिथे नसतील तर तिनेच हलवले असं समजावं.

कलम ४. रिव्हॉल्वर. माझ्या मागे ती मुदतीत पोलीस ठाण्यात जमा करावी. त्यानंतर ती माझी सून रश्मी हिला मिळावी अशी माझी इच्छा आहे. रश्मीकडे स्वतःचा परवाना आहे, ती क्लबची नेमबाज आहे आणि हत्याराबद्दल चारचौघांत बोलत नाही. रविवारच्या मोजणीत सगळी काडतुसं तिनेच झाडली. गजेंद्रने वाईट वाटून घेऊ नये. चुलत भावाच्या लग्नात तो मला म्हणाला होता, "बाबा, वरातीत कमरेले लावू द्या ना. झाडत नाही, नुसती लावतो." मी म्हणालो, "नुसती लावायची असन तर चष्म्याची डबी लाव." रश्मी तेव्हा नवी नवरी होती. पदर तोंडावर घेऊन हसली. रिव्हॉल्वर कोणाकडे जाईल ते त्या दिवशीच ठरलं.

कलम ५. काडतुसं भरण्याचा हातप्रेस, बारूद तोलण्याचा बारीक काटा, काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या हे सारं क्लबचं, कारण भरण्याची परवानगी क्लबच्या नावावर आहे. भरताना बोलू नये. मी बोलत नसे आणि त्या वेळी मला फार शांत वाटे. पुंगळी, बारूद, गोळी. तीन गोष्टी, आणि खिडकीतून येणारं कडुनिंबाचं ऊन. असं वाटे, आपण वेळेचे लहान लहान डबे भरतो आहोत.

कलम ६. वेग मोजण्याचं मशीन. या कलमासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तीन पायांच्या तिकाटण्यावर एक लांबट पेटी. पेटीच्या दोन टोकांना प्रकाशाचे दोन डोळे, आणि दोन्हींवर पांढऱ्या पडद्यांच्या छोट्या छत्र्या. गोळी वरून जाते. तिची सावली आधी एका डोळ्यावर पडते, मग दुसऱ्यावर. मशीन मधल्या वेळाचं वेगाच्या आकड्यात रूपांतर करतं. मशीनला गोळी दिसत नाही, फक्त ती येऊन गेल्याचं कळतं. माझ्या डोळ्यांचं आता तेच झालं आहे, त्यामुळे त्या पेटीबद्दल मला अलीकडे जास्तच आपुलकी वाटते.

ते मशीन कोणाचीही सावली मोजतं. कापूस वेचणीच्या दिवसांत शेजारच्या वावरातून बोंडाचा पुंजका तरंगत आला की त्यालाही वेग देतं. एकदा चिमणीपेक्षाही लहान अशी एक मुनिया दोन्ही छत्र्यांखालून उडत गेली. माझे मित्र जानरावजी यांनी आकडा वाचला आणि तोंड अगदी गंभीर ठेवून म्हणाले, "श्रावणभाऊ, याच्यात बारूद कमी पडली." त्यानंतर आम्हा दोघांपैकी कोणाचाही नेम अर्धा तास लागला नाही.

जानराव तायडे, राहणार अकोला, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. आम्ही वीस-बावीस वर्षांचे मित्र. त्यांच्याकडेही असंच मशीन आहे. एक रविवार ते अमरावतीला येत, एक रविवार मी अकोल्याला जाई. अडचण एवढीच की त्यांनी भरलेली काडतुसं अकोल्यात वेगाने जात आणि अमरावतीत हळू.

ते म्हणत, "तुमचं मशीन दुपारी झोपते."

मी म्हणे, "तुमचं अकोल्याचं आहे. वाढवून सांगनच."

ही थट्टा बरीच वर्षं चालली. आम्ही दोघांनीही आपापली मशीनं उघडली, पुसली, दुकानदाराला दाखवली. दोन्ही मशीनं एका रांगेत ठेवून एकच गोळी दोन्हींवरून सोडावी, हे मात्र आम्हाला सुचलं नाही. सुचलं असेलही. थट्टा संपावी असं कोणालाच वाटत नसावं.

मग सहा वर्षांपूर्वी, जानेवारीत, आमच्या क्लबची रिव्हॉल्वर स्पर्धा झाली. अशा स्पर्धेत काडतुसाचा जोर ठरल्यापेक्षा कमी चालत नाही. नेम कितीही चांगला असो, गोळी हळू गेली तर गुण धरत नाहीत. सकाळी मोजणी झाली. मशीन माझं होतं आणि आकडे मीच वाचत होतो. जानरावजींच्या गोळ्या थोडक्यात कमी पडल्या. मी आकडा जसा होता तसा वाचला. पंचांनी त्यांना बाद केलं. त्यांचा मोठा नातू पहिल्यांदाच आजोबांची स्पर्धा पाहायला आला होता.

ते माझ्याकडे आले आणि सगळ्यांसमोर, आवाज न चढवता म्हणाले, "घरून मोजून आणले होते मी. तुमी मशीन लावलं, तुमीच वाचलं. चांगलं केलं." आपली रिव्हॉल्वरची पेटी बंद केली, जेवायला थांबले नाहीत.

तेव्हापासून आमचं बोलणं नाही.

आता रविवारच्या मोजणीकडे येतो. गेल्या महिन्यात आरतीबाई घरी आल्या होत्या आणि त्या स्पर्धेचा विषय निघाला. काडतुसं किती तापली आहेत यावर बारूद कमी-जास्त जोराने जळते, हे त्यांनी बोलता बोलता सांगितलं. मैनाबाई चहा आणत होती. ती म्हणाली, "त्या दिवशी तर जानरावभाऊजींचा डब्बा रांजनापाशी होता. म्याच ठेवला होता."

मी विचारलं, "काहून?"

"काहून म्हणजे? बाकावर उन्हात होता. बारूद हाय म्हणे त्यात. मंग उन्हात ठेवतात का? तुमची स्पर्धा होती, मले जेवण वाढाचं होतं, जाळ-बिळ लागला असता तर मी डोक्यावर घेऊन बसली असती का?"

अकोल्यात जानरावजी डबा स्कूटरच्या डिकीत ठेवत आणि स्कूटर तापलेल्या टिनाच्या छपराखाली. अमरावतीत, जेव्हा जेव्हा ते येत, मैनाबाई डबा उचलून गारव्याला नेई. इतकी वर्षं ती हे करत होती आणि आम्ही दोन शहाणे मशीनं पुसत होतो. रविवारी आम्ही तशाच दोन जागांवर, एक गार आणि एक तापलेली, काडतुसं ठेवून मोजलं. निकाल वर आला आहे.

म्हणून इथे नोंदवतो की अकोल्याच्या मशीनने कधीही वाढवून सांगितलं नाही. अमरावतीचंही झोपलेलं नव्हतं. जानराव तायडे यांनी घरून मोजून आणलेला वेग खरा होता आणि मी वाचलेला आकडाही खरा होता. क्लबने त्या स्पर्धेच्या नोंदीत हे कारण जोडावं, अशी विनंती मी सचिवांना केली आणि त्यांनी ती मान्य केली आहे.

अलीकडे दुपारी पडलो की एक स्वप्न पडतं. रेंजवरून एक गोळी निघालेली असते, पण घाई नसल्यासारखी. ती निशाणामागच्या मातीच्या बंधाऱ्याला लागत नाही, त्याच्यावरून जाते. खाली तिची सावली, ज्वारीच्या दाण्याएवढी, आणि मी हात मागे बांधून तिच्यासोबत चालतो. बडनेरा मागे पडतं. मूर्तिजापूरच्या अलीकडे काळ्या मातीत सावली दिसेनाशी होते, पांढऱ्या कपाशीवर पुन्हा दिसते. बोरगाव मंजूपाशी ऊन तापतं आणि मला तिच्यामागे जरा भराभर चालावं लागतं. अकोल्यात ती एका घराच्या अंगणावरून जाते. अंगणात कोणीतरी मशीन लावून बसलेलं असतं. माझ्या डोळ्यांमुळे त्याचा चेहरा दिसत नाही. तो आकडा वाचतो. मला ऐकू येत नाही, आणि मी जागा होतो.

हे मशीन जानरावजींना द्यावं असं मी आधी लिहिलं होतं. वकिलांनी ते वाचून विचारलं, "साक्षीदार कोन कोन?" मी म्हणालो, एक आरतीबाई, दुसरे जानरावजी. ते म्हणाले, "काकाजी, दोन्ही नाही जमत. ज्याले मिळते त्यानं साक्ष देऊ नये. उद्या कोनी बोट दाखवलं तर अडचन येते. एक तर मशीन द्या, नाही तर सही घ्या."

मी दोन दिवस विचार केला. मशीन दिलं तर ते कोणाच्या तरी हातून अकोल्याला पोचेल, माझ्या मागे. ते घेतील किंवा परत पाठवतील, मला कळणार नाही. सही घ्यायची तर त्यांना माझ्या हयातीत, माझ्या घरी, माझ्यासमोर बसावं लागेल. मला सही करताना पाहावं लागेल.

सबब वेग मोजण्याचं मशीन रायफल क्लबला देण्यात येत आहे.

कलम ७. जानराव तायडे यांना या मृत्युपत्राने काहीही देण्यात येत नाही. हे विसरून नाही, ठरवून केलं आहे.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याची जबाबदारी सून रश्मी हिच्यावर सोपवतो. माझ्या मागे जेवणावळ साधी असावी. भाषणं नकोत, आमच्या व्यवसायातले लोक दिलेल्या वेळेत बोलणं संपवत नाहीत.

स्थळ: अमरावती. मसुदा तयार: गुरुवार, २४ एप्रिल २०२५. सहीचा दिवस: रविवार, २७ एप्रिल.

लिहून देणार: श्रावण नत्थुजी गावंडे (सही दोन्ही साक्षीदारांसमोर करणार)

साक्षीदार: १) आरती वानखडे, अमरावती
साक्षीदार: २) जानराव तायडे, अकोला

वकिलांनी मंगळवारी अकोल्याला फोन केला. फोन मोठ्या आवाजावर होता. जानरावजी म्हणाले, "मलेच काहून? अमरावतीत मानसं सरले का?" वकिलांनी सांगितलं की काकांनी तुमचंच नाव दिलं आहे. मागे कुठेतरी कूलर चालू होता. "तब्येत कशी हाय त्याची?" त्यांनी विचारलं. वकिलांनी खरं ते सांगितलं. "सकाळच्या गाडीनं येतो," ते म्हणाले. "पन मी वाचल्याबिगर कशावर सही करत नाही. आधीच सांगून ठेवतो."

साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असं कायद्यात नाही. जानरावजी मात्र वाचतील, पहिल्या ओळीपासून, चष्मा कपाळावरून खाली ओढून. गजेंद्र रविवारी त्यांना आणायला बडनेरा स्टेशनवर जाईल. नोंदणी सोमवारी आहे. त्याआधी त्यांचं वाचून होईल आणि ते सही करतील, अशी अपेक्षा आहे.