भुईवर घेतलेला माणूस

३ डिसेंबर

पोचले एकदाची! भोरपर्यंत एसटीत शेजारी एक मास्तर अखंड बडबडत होते, पुढे भाटघरच्या पाण्याकडेनं टेम्पो. पुण्यात अतिदक्षता विभागात नर्स म्हणून बारा वर्षं ट्यूबलाइट बघत काढली. इथं खिडकीतून थेट धरणाचं पाणी दिसतंय. पेशंट रखमाजी आबा, वय ब्याऐंशी, डावं अंग लुळं, नाकात नळी. जीभ जड झालीय, पण तिखटपणा शाबूत. मला बघून म्हणाले, 'आनखी एक जेलर आली.' मुलगा इंद्रजित अबोल. सून रत्नाताई मात्र अशी सुगरण, की महिनाभरात मी दारात मावणार नाही. मजेत जाणार हे काम.

५ डिसेंबर

आबांनी आज उशीखालचा कागद दाखवला. आजारपणाआधी भोरला नोटरीपुढं सही केलेलं इच्छापत्र. नळ्या नकोत, यंत्रं नकोत, घरच्या भुईवर जाऊ द्या. पण झटका आला तेव्हा इंद्रजित घाबरला, दवाखान्यात नेलं आणि नळी बसली. आता काढायची तर डॉक्टरांच्या मंडळाची परवानगी हवी, आणि त्या परवानगीचा अर्ज कुठंतरी अडकलाय. आबा रोज विनवतात, सोड बये. इंद्रजितचं म्हणणं, जीव त्यांचा, त्यांचं ऐकावं. मी त्याला सरळ सांगितलं, मरण मागणारे कितीतरी जण मी पायांनी चालत घरी जाताना बघितलेत. ते दुखणं बोलत असतं. माझ्या हाताखाली कुणी मरणार नाही. इच्छापत्र मी माझ्या बॅगेत टाकलं.

८ डिसेंबर

औषधं आणायला भोरला गेले होते. दुपारी परतते तर नळी काढलेली, माजघर शेणानं सारवलेलं आणि आबा भुईवर, ओठांवर तुळशीपत्र. श्वास थांबलेला. चेहरा शांत होता, हे कबूल करते. पण माझं डोकंच फिरलं. इंद्रजितला ढकललं आणि आबांची छाती दाबायला लागले. कडकन एक बरगडी मोडली, मग दुसरी. थांबले नाही. आबा किंचाळत परत आले. मी एकटीनं त्यांना उचलून लोखंडी खाटेवर ठेवलं.

रत्नाताई ओरडल्या, 'आवं, भुईवर घेतलेलं मानूस परत वर घेत न्हाईत!' मग रडत सांगितलं, की त्यांच्या घराण्यात भुईवर घेणं म्हणजे मरणाला बोलावणं. माणूस परत वर उचलला, तर आलेलं मरण त्या उचललेल्या माणसाच्या हातांत जाऊन बसतं. मग ज्यानं उचललं त्यानंच त्याला खाली ठेवायचं आणि स्वतः संपवायचं. मला हसूच आलं.

१० डिसेंबर

नळी निघाल्यापासून दोन दिवस आबांच्या पोटात पाण्याचा थेंब नाही. आज नाडी लागेना. स्टेथोस्कोप लावला. आत काहीच नाही. तरी श्वास चालू आहे, आणि प्रत्येक श्वासाला बरगडीचं टोक कातडी फाडून बाहेर येतं. भोरच्या डॉक्टरांना फोन केला, ते परवा येणार.

दुपारी मांजर खाटेवर चढलं. आबांचा लुळा हात उठला. बाटलीचं झाकण काढावं तसं त्यानं मांजराचं मुंडकं पिळून काढलं. आबा ढसाढसा रडत होते. म्हणाले, 'हात माजा न्हाई गं.'

मी घाबरलेय. आज हसू आलं नाही.

११ डिसेंबर

इंद्रजितनं उशी घेतली. बापाला सोडवायला. मी दारात होते, अडवलं नाही. लुळ्या हातानं त्याचा गळा धरला. बोटं आत गेली — रक्त आढ्यापर्यंत उडालं. आबा ओरडत होते, पळ रं, पळ — स्वतःच्याच हाताला चावत होते, मांसाचे लचके तोडत होते. हातानं सोडलं तेव्हा इंद्रजितची मान नुसती कातडीवर —

रत्नाताई बाहेर पळाल्या. बाहेरून कडी घातली. खिडकीच्या गजांतून एवढंच म्हणाल्या, 'तुमी उचललं, तुमीच ठेवा.'

१२ डिसेंबर, सकाळ

दार हलत नाही. फोन इंद्रजितच्या रक्तात पडून बंद झालाय. लुळा हात मी खाटेच्या गजाला बांधलाय. गज वाकतोय. दुसऱ्या हातानं आबा माझे पाय धरतात.

बारा वर्षं याच हातांनी —

करते.

दुपार

खाली ठेवलं, त्याच सारवलेल्या जागी. गळा दाबला. आणि अंगठ्याखाली नाडी लागली. ठणठणीत. डोळे स्वच्छ झाले. लुळा हात पुन्हा लुळा पडला. आबा अगदी स्पष्ट म्हणाले, 'पानी दे बये. आता बरं वाटतंय. जगू दे.'

ऐकलं मी. शपथेवर सांगते, ऐकलं. हात थांबले नाहीत —

मरायचं म्हणाले तेव्हा ऐकलं नाही. जगायचं म्हणाले तेव्हाही —

आबा गेले. उजव्या हातानं कसंबसं लिहितेय. डाव्यानं माझंच मनगट धरलंय, हाड वाजतंय —

कडी काढताहेत. रत्नाताई हाका मारताहेत, मला सोडवायला आल्यात —

रत्नाताई, आत येऊ नका. उघडू नका. हे हात माझे —