अप्पांची घोडी

औराद, रविवार, जानेवारी १९५५

उद्या शाळेत मुलींना पळता घोडा काढायला शिकवायचाय, आणि मलाच तो जमेना. छातीचा एक गोल, मागं पुठ्ठ्याचा, म्हणजे ढुंगणाचा एक, खाली पाय जोडले. तरी घोडा उभाच.

निंबर्ग्याहून आलेली अक्का डोकावून म्हणाली, “मान वर कामून काढलीस? आपल्या अप्पाची घोडी पळताना मान लांब करायची की.”

मान! कशी विसरले मी? अप्पा गेल्यावर घरात कुणी त्या घोडीचं नावही काढलं नाही, म्हणून?

मान पुढं ओढली, पुढचे पाय पोटाशी घेतले. घोडी पळायला लागली.

“आता अप्पाला बसव,” अक्का म्हणाली.

बसवलं. पण चेहरा काही केल्या आठवेना, पाठच आठवायली. अक्कानं हळूच पेन्सिल घेतली आणि त्या पाठीला बिलगलेल्या आम्हा दोघींना काढलं.