शिवरीचं वय

वरची वाडी, कार्ले
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय अनघा,

सप्रेम नमस्कार. यापुढे ‘विनंती विशेष’ लिहायचं असतं असं शाळेत शिकवलं होतं. पण मी विनंती करायला बसलेले नाही, म्हणून तेवढं गाळते.

इकडे सगळे बरे आहेत. भात कापून झालं, झोडणी चालू आहे आणि अंगभर भाताची कुसळं टोचतायत. आमचा करण ढोलकी बाजूला ठेवून पेंढ्या वाहतो आणि दर पेंढीला कुरकुरतो. आईचे गुडघे दुखतात, पण खळ्यावर पहिली तीच. खाली रविवारच्या गाड्यांची रांग लागलीय, त्यांचे हॉर्न वाडीपर्यंत ऐकू येतात. परवा लोणावळ्याच्या बाजारात तुझे बाबा भेटले. "अनघा आता बाणेरचीच झाली," म्हणाले, आणि मग, "काय गं सुषमा, बोलत का नाहीस?" मी हसले, हातातली पिशवी दाखवली, घाई आहे अशी खूण केली आणि सटकले.

तू एवढे फोन केलेस, मी एकही उचलला नाही. आमच्या इथे रेंज नसते, तुला माहीतच आहे.

गाण्यांच्या कंपनीने पाठवलेलं ते गाणं ऐकलं. ‘ऐक, रडशील,’ असं तू वर लिहिलं होतंस. मी काही रडले नाही. खाली तू लिहिलंस की कंपनीच्या कागदावर सही दोघींची लागते, माझी तेवढी राहिलीय आणि सगळं अडलंय. आणि मग, ‘जरा आपला इतिहास बघ, सुषमा. एवढं कमावलेलं घालवायचं का?’

बरं, इतिहासच बघू. तू पुण्यात मीटिंगांमध्ये तो फार सरळ करून सांगतेस. इथे बसून तो जरा वाकडा दिसतो.

कॉलेजच्या गॅदरिंगला मी ‘नाही’ ऐवजी ‘न्हाई’ म्हणाले आणि मागच्या बाकांवरून शिट्ट्या आल्या, त्या दिवशी तू मला कँटीनमध्ये नेऊन म्हणालीस, "तू नुसती गा. चेहरा मी काढते." तिथून आपला ‘चकवा’ निघाला. बँड आहे पण कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. निळ्या कातडीची, जांभळ्या केसांची शिवरी गाणार, बोका ढोलकी वाजवणार, आणि दोघंही तुझ्या चित्रातली. निळी का, असं मी विचारलं तर तू म्हणालीस, निळ्या पोरीला कुणी गाव विचारत नाही. मला तेव्हा ते फार आवडलं होतं. हॉटेलच्या काउंटरवर पाहुण्यांना खोल्यांच्या चाव्या द्यायच्या आणि त्यांच्याच मोबाइलवर आपला आवाज वाजताना ऐकायचा, यात काय मजा होती ते तुला नाही कळायचं.

पहिलं गाणं ‘धुकं घ्या धुकं, पावशेर धुकं’. पर्यटकांना बाटलीत धुकं विकणारी शिवरी. मराठी यादीत त्याचा पत्ता नव्हता, कारण ॲपच्या कॉम्प्युटरला माझं मराठी मराठी वाटलंच नाही. त्याने गाणं कोकणीत टाकलं, आणि कोकणीत ते अकराव्या नंबरावर गेलं! तू रडकुंडीला आलीस, ॲपवाल्यांना पत्रांवर पत्रं लिहिलीस. करण म्हणाला, "आसूदे की. कुटं का व्हईना, नंबर लागला न्हवं." मग ‘माकडानं चष्मा नेला’ लहान मुलांच्या यादीत सहावं आलं. राजमाची पॉइंटला माकडं दिसली की पोरं अजून तेच ओरडतात. त्यावर कंपनी आली. आठ गाण्यांचा ‘टोलनाका’ निघाला, एक आठवडा बत्तिसावा राहिला आणि उतरला.

आणि मग ‘न्हाई म्हंजे न्हाई’.

ते तू लिहिताना ‘नाही म्हणजे नाही’ लिहिलं होतंस. मी शुद्ध म्हणायचा किती प्रयत्न केला, आठवतं? प्रत्येक वेळी जीभ घसरायची. शेवटी तू कंटाळून म्हणालीस, "राहू दे, चूक तर चूक." ती चूक पाच आठवडे पहिल्या नंबरावर बसली. लग्नात, गणपतीत, शिरगावच्या देवळाबाहेरच्या रसाच्या गाड्यावर, जिकडे तिकडे तेच. एकाने खाली लिहिलं होतं, ‘कॉम्प्युटरला गावठी बोलायला छान शिकवलंय.’ मी काउंटरमागे पोट धरून हसले होते. शिट्ट्या मारणारे तेच, नाचणारे तेच. त्यानंतर ‘व्हय’ काढलं ते नवव्या नंबराला शिवून परत आलं. लोक म्हणाले, तेच तेच होतंय. खरं होतं ते.

एवढा आपला इतिहास. यातलं एक तरी गाणं आपण ठरवलं तसं गेलं का गं? जे चाललं ते आपल्या चुकीमुळे चाललं. मीटिंगमध्ये हे सांगतेस का कधी?

आता ते रेंजचं. आईने मागून डोकावून वाचलं आणि म्हणाली, "खोटं कशापायी लिवतीस? आंगनात चार दांड्या येत्यात." तर खरं लिहिते. रेंज आहे. मी फोन उचलला नाही, कारण उचलला असता तर तू माझा आवाज ऐकला असतास.

मे महिन्यात थायरॉइडची गाठ काढली, तेव्हा तू दवाखान्यात दोन दिवस बसून होतीस, ते मी विसरणार नाही. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की जवळून आवाजाची नस जाते, ती कधी कधी दुखावते आणि त्यात कुणाचा दोष नसतो. आवाज महिन्या दोन महिन्यांत येईल म्हणाले. तू विचारायचीस आणि मी ‘सुधारतोय’ असं लिहून पाठवायचे. नाही सुधारला, अनघा. वरचा सूर लागत नाही. खालचा लागतो पण त्यात अर्धी हवा असते. जोरात बोलले तर फाटतो. मागच्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, आता याच्यापुढे फार फरक पडेल असं दिसत नाही. परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून खूप रडले. ते सांगायचं राहिलं होतं, ते आज सांगते.

तू लिहिलंस, ‘तुझा आवाज येईपर्यंत फक्त. जुन्या गाण्यांवरून यंत्र तयार केलंय, कुणाला कळणारसुद्धा नाही.’ येईपर्यंत कशाला? तो आलाय. जो यायचा होता तो हाच.

आता त्या गाण्याचं सांगते. ‘चिंगे, ए चिंगे, भाकर निवली’ हे माझंच गाणं, मीच तुला लिहून दिलेलं. मोठी बहीण धाकटीला जेवायला हाका मारते, प्रत्येक कडव्यात तीन वेळा. ते यंत्राने गायलेलं मी ओट्यावर बसून लावलं. आई खळ्यावर होती. ती हातातली पेंढी टाकून धावत आली. तिचा चेहरा तू बघायला हवा होतास. "आला गं बया! सुसे, आला तुजा आवाज!" आणि समोर बघते तर माझं तोंड बंद. मी नुसती बसलेली, आणि आवाज मोबाइलमधून येतोय, वरच्या सुरातला, मेच्या आधीचा.

ती जागीच थांबली. मग म्हणाली, "तू हितं, आन् आवाज तितनं कसा काय?" बोलणं मी घरातही टाळतेच, म्हणून खुणा केल्या, लिहून दाखवलं, करणने समजावलं की कंपनीने केलंय. ती खाली बसली आणि म्हणाली, "पुन्यांदा लाव. त्या हाका लाव."

हे तुला सांगायला हवं, तू लोणावळ्यातली, बाजारपेठेत वाढलेली. आमच्याकडे डोंगरात, धुक्यात कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. दुसरीलाही नाही. चकवा आपल्याच माणसाच्या आवाजात हाक मारतो आणि ओ दिली की वाट चुकवतो. तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायचं. मला लहानपणापासून वाटायचं की चकव्याला तीनदा हाक मारता येत नसेल. बँडचं नाव आपण किती हौसेने ठेवलं, पण हे मी आईला तोवर कधी विचारलंच नव्हतं.

आईने तिन्ही हाका ऐकल्या. पुन्हा लावायला सांगितल्या. मग म्हणाली, "बंद कर. माणूस न्हाई ह्यो."

करण म्हणाला, "आये, तीन डाव तर हाक मारली त्यानं."

"मारली की. पर तिन्ही येकसारक्या. जित्या माणसाची तिसरी हाक पैल्यावानी आसती व्हय रं? तुला जेवाया बोलावताना तिसऱ्यांदा माजं टाळकं फिरतंय. चकवा कवा चिडत न्हाई, म्हून तर वळखायचा."

एवढं बोलून ती परत झोडायला गेली. मी ओट्यावर बसून राहिले. मला राग आला होता आणि तो कुणावर आहे ते कळत नव्हतं. कंपनीवर म्हणावं तर कंपनी काय, तिला गाणं हवंय. तुझ्यावर होता, हे सरळ सांगते. तू माझ्या जुन्या आवाजासाठी एवढी धडपडलीस आणि एकदाही वाडीवर येऊन नवा ऐकला नाहीस. गॅदरिंगला शिट्ट्या मारणाऱ्यांना माझी जीभ नको होती. आता तुम्हाला जीभ चालते पण मी नकोय. सुरेल असेपर्यंत माझं, आणि बिघडलं की यंत्राचं, असं कुठे असतं का?

म्हणून दुसऱ्या दिवशी करणला पेंढ्यांवरून उठवलं. भाताच्या कणग्या आहेत त्या खोलीत माइक लावला, गोणपाट टांगलं, आणि ‘चिंगे’ गायले. अगं, काय सांगू! पहिली हाक किरकिरली, दारासारखी. दुसरीत नुसती हवा. करणने वाजवणं थांबवून माझ्याकडे बघितलं, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्या पाण्याचाच मला संताप आला. तिसरी हाक मी पोटातून मारली. ती फाटली, मधोमध. आणि बाहेर अंगणातून आई ओरडली, "आले आले! काय झालं गं? कुनाला मारतीयास हाका?"

ते रेकॉर्डिंगमध्ये आलंय. आम्ही काढलं नाही.

करण म्हणाला पुन्हा घेऊ, मी म्हणाले न्हाई. आज सकाळी ते ‘चकवा’च्या नावाने ॲपवर टाकलं. आपल्या खात्याची चावी तुझ्याकडे आहे तशी माझ्याकडेही आहे, आणि गाणं माझं, आवाज माझा. कंपनीला वकील लावायचा असेल तर लावू दे, वाडीचा रस्ता त्यांना करण दाखवील. यंत्राला माझा आवाज द्यायच्या कागदावर मी सही करणार नाही. आज नाही, आवाज सुधारला तरी नाही, पुढची दहा गाणी पहिल्या नंबरावर आली तरी नाही.

सध्या गाणं कुठल्याच यादीत नाही. कोकणीतसुद्धा नाही. दुपारपर्यंत थोड्या लोकांनी ऐकलं. एकाने लिहिलंय, ‘शिवरीला काय झालं? बिघडली.’ परंदवडीच्या एका बाईने लिहिलंय, ‘माझी मोठी बहीण अशीच हाक मारायची.’ दोन्ही मी वाचली आणि दोन्ही राहू दिली.

गाण्यावर चित्र नाही. नुसता काळा चौकोन आहे. जुनी शिवरी लावायला माझा हात गेला होता, पण ती गुळगुळीत गळ्याची, विशीतली पोर तोंड उघडते आणि त्यातून हा आवाज येतो, हे बघवेना. ती त्या आवाजात उसनी वाटते. गेल्या चार वर्षांत तू तिचे कपडे बदललेस, केस बदललेस, तिच्या बोक्यालासुद्धा मिशा आल्या. तिचं वय तेवढं वाढवलं नाहीस. माझं वाढलंय, अनघा. तुझंही वाढलंय, दवाखान्यात झोपली होतीस तेव्हा कानाजवळचे पांढरे केस मी पाहिलेत.

शिवरीला मोठी कर. निळी राहू दे, माझी हरकत नाही. डोळ्यांखाली थोडं काळं कर. आणि गळ्यावर माझ्या टाक्यांची आडवी रेघ काढ, हसलीच्या दागिन्यासारखी, दोन्ही टोकांना वर गेलेली. झाकायला ओढणी देऊ नकोस. ती रेघ कशी दिसते ते आठवत नसेल तर कार्ल्याला ये, आई चहा करील, मी समोर बसते आणि तू बघून काढ. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातची शिवरी मला नको. हे चिडून लिहितेय आणि तेवढंच प्रेमानेही लिहितेय, दोन्हीतलं एक वेगळं काढता येत नाही.

पुढच्या रविवारपर्यंत वाट बघते. काढायची नसेल तर तसं कळव, वाईट वाटून घेणार नाही. मग त्या काळ्या चौकोनात मी माझा चेहरा लावते.

तुझीच,
सुषमा
(शिवरीचा आवाज, आजचा)