वहिनीने मागितलेली प्रार्थना

दादा,

बाबा गेले आणि तू त्यांचं शिवणकामाचं दुकान परस्पर विकून मला घराबाहेर काढलंस. "जा, सांग तुझ्या देवाला," म्हणत हसलास. मी खरंच सांगितलं. खोल्या बदलल्या, कामं सुटली, पण देवापुढे बसणं सुटलं नाही.

काल वहिनी आली. तुझं अर्धं अंग लुळं पडलंय म्हणाली. "ताई, यांच्यासाठी प्रार्थना करा. तुमचं तो ऐकतो."

मी तिच्यासमोरच हात जोडले. मनात म्हटलं, "देवा, याला इतक्यात नेऊ नकोस. आधी तुझ्यापुढे रडव, आणि तेव्हा मला शेजारी बसव."

वहिनीला वाटलं, मी तुझं आयुष्य मागतेय. तिला रडू फुटलं.

हे पत्र पाठवणार नाही. वाचलंस तर निव्वळ हट्टाने मरशील.

तुझी धाकटी